सिक्लिड पाळायचा तर त्याचं मूळ ठिकाण माहीत हवंच का?

पाणकावळा (धागाकर्ता)

सिक्लिड म्हणजे टँकमध्ये हौसेने पाळल्या जाणाऱ्या माशांचं एक मोठं कुळ. दुकानात विचारा, "हा मासा कुठला?" उत्तर येतं, "आफ्रिकन." आणखी खोदलं तर "मलावी." त्यापुढे गाडी सरकत नाही.

माझं मत सरळ मांडतो. ज्या सिक्लिडचं मूळ ठिकाण माहीत नाही, तो खुशाल पाळा, पण त्याची पिल्लं काढून विकू नका आणि वाटूही नका. या माशांची निम्मी ओळख त्यांच्या पत्त्यातच असते.

इलेक्ट्रिक यलो घ्या, म्हणजे लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. फ्रायरने १९५६ मध्ये ही जात नोंदवली ती मलावी सरोवरातल्या न्खाटा बे इथल्या माशांवरून, आणि तिथला मासा पांढरट-निळसर. आपल्याकडचा पिवळाधमक रंग लायन्स कोव्हच्या आसपासच्या छोट्याशा पट्ट्यातला. एकच जात, पण दोन गावांत ओळखू येणार नाही इतका फरक.

टांगानिका सरोवरातला ट्रोफियस तर याच्याही पुढचा. हा खडकाळ किनारा सोडत नाही. मधे काही किलोमीटर वाळू लागली की त्याची वाट संपली. मादी अंडी तोंडात उबवते आणि पिल्लं चांगली हिंडती-फिरती झाल्यावरच बाहेर सोडते, त्यामुळे अंडी-पिल्लं पाण्याबरोबर वाहत दुसऱ्या किनाऱ्याला लागणं हा प्रकारच नाही. खडकांच्या प्रत्येक बेटावर वेगळं घराणं तयार झालं. मोलिरोचा लाल, इकोलाचा काळ्या अंगावर पिवळा पट्टा, बेंबाचा पट्टा नारिंगी. अशी शंभराहून जास्त रूपं गावांच्या नावांनी विकली जातात. ती एका टँकमध्ये ठेवली की बिनदिक्कत जुळतात आणि थोड्याच पिढ्यांत सगळा कारभार मातकट होतो. तो परत निवडून काढता येत नाही.

तिरकस

असहमत. पूर्णपणे.

डोंबिवलीतल्या चौथ्या मजल्यावरचा तीन फुटी टँक म्हणजे टांगानिका नव्हे. चेन्नईच्या कोळत्तूरमधल्या सिमेंटच्या टाक्यांत पिढ्यानपिढ्या वाढलेला मासा कुठल्या कोव्हचा म्हणायचा? तो कोळत्तूरचा. त्याला ना खडक ठाऊक ना वाळू.

दुसरं, हे "वाइल्ड", "एफ१" प्रकरण. एफ१ म्हणजे सरोवरातून पकडलेल्या जोडीची पहिली पिल्लं, एवढं मलाही कळतं. पण पुरावा काय? विकणाऱ्याचा शब्द. तेवढ्यावर भाव तिप्पट. मासे काय जन्मदाखला घेऊन येतात?

आणि तुमचा लाडका पत्ताच माशाच्या जिवावर उठतो, त्याचं काय? सॉलोसी नावाचा छोटा एम्बुना (मलावी सरोवरातल्या खडकांत राहणारा सिक्लिड) चिझुमुलू बेटाजवळच्या ताइवानी रीफवर मिळतो. पत्ता जगजाहीर झाला, मागणी वाढली, मासा उपसला गेला. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पत्ता छापणं म्हणजे जाळंवाल्याच्या हातात नकाशा देणं.

सूक्ष्मदर्शी

धागाकर्त्याचा निष्कर्ष मला बराचसा मान्य आहे, कारण मान्य नाही. "घराणं", "मातकट" ही भाषा ऐकली की कान टवकारतात. संकर झाला म्हणजे काहीतरी बाटलं, असं निसर्गात नसतं.

व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं. नंतर पाणी भरलं आणि तेवढ्या काळात पाचशेच्या आसपास सिक्लिड जाती तयार झाल्या. २०१७ मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासानुसार या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी काँगो आणि नाईल खोऱ्यांतल्या दोन जुन्या वंशांचा संकर आहे. म्हणजे तुम्ही ज्याला बिघाड म्हणता, त्यातूनच हे वैविध्य उभं राहिलं.

पण त्याच सरोवराची दुसरी बाजूही बघा. तिथल्या माद्या नराच्या रंगावरून आपला-परका ओळखतात. सांडपाणी आणि शेतातल्या खतामुळे पाणी गढूळ झालं, रंग दिसेनासे झाले आणि शेजारच्या जाती एकमेकींत विरघळू लागल्या. सीहाउझन आणि सहकाऱ्यांनी हे १९९७ मध्ये दाखवून दिलं. (नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडल्यावर १९८०च्या दशकात जो संहार झाला तो वेगळाच.) मुद्दा निवडीचा आहे. सरोवरात मादीला निवड असते. तुमच्या टँकमध्ये तिच्या जातीचा नरच नसेल तर ती समोर असेल त्याच्याशी जुळणार. त्या पिल्लांना "नैसर्गिक संकर" म्हणून सोडून देऊ नका, आणि शुद्धतेची सोवळी-ओवळीही नकोत.

पाणकावळा

@तिरकस, सॉलोसीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. टँकमधली खात्रीची सॉलोसी भरपूर मिळाली तर रीफवर बुडी मारायला पैसे कोण देईल? खात्री येते नोंदीमुळेच.

मादागास्करचा मंगारहारा सिक्लिड बघा. २०१३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नर उरले होते, मादी एकही नव्हती. नदीवर धरणं झाली, पाणी आटलं. त्यांनी जगभर आवाहन केलं, त्याच वर्षी मोहीम निघाली आणि मंगारहाराच्या एका उपनदीत थोडे मासे जिवंत सापडले. शोधायचं कुठे हे माहीत होतं, म्हणून सापडले. टाकीवर नुसतं "मादागास्कर, मिक्स" लिहिलेलं असतं तर?

@सूक्ष्मदर्शी, निवडीचा मुद्दा पटला. सोवळ्याबद्दल बोलणी खाल्ली, चालायचंच.

बोअरवेल

मी पीकॉक, म्हणजे मलावीतले रंगीत सिक्लिड, काढतो आणि विकतो, म्हणून धंद्याची बाजू सांगतो.

पीकॉकच्या म्हणजे ऑलोनोकाराच्या माद्या जवळपास सगळ्या सारख्याच, करड्या आणि पट्टेरी. नर शेजारी नसेल तर जुना जाणताही नाव सांगू शकत नाही. मोठ्या हौदात चार जातींच्या माद्या एकत्र झाल्या की विषय संपला. गिऱ्हाईक मागतं काय, तर ठिपक्यांचा ओबी पीकॉक आणि ड्रॅगन ब्लड. दोन्ही माणसाने घडवलेले. ओबीचे ठिपके तर एम्बुनाशी झालेल्या संकरातून आले. मलावीतल्या चिलुंबा गावचा अस्सल नर शेजारी ठेवला तरी लोक लालभडक मासाच उचलतात.

आणि पाटीवर तरी किती विसंबायचं? मलावीत थंबी वेस्ट नावाचं बेट आहे. १९७०च्या दशकात निर्यातीच्या व्यवसायातून सरोवराच्या दुसऱ्या भागांतले एम्बुना तिथे सुटले आणि स्थायिक झाले. त्यातल्या आफ्रा नावाच्या एम्बुनाचा तिथल्या झेब्रा नावाच्या एम्बुनाशी संकर झाल्याचंही अभ्यासात दिसलं. आता तिथे पकडलेला मासा वाइल्ड आहे, पाटीही खरी आहे. पण मूळ गाव?

मी डब्यावर "मिश्र" लिहितो. खोट्या गावापेक्षा ते बरं.

कळुंदरप्रेमी

अवांतर वाटेल, पण लिहितोच. इथे सगळ्यांना आफ्रिकेतली गावं तोंडपाठ. भारतात मुळातले सिक्लिड मोजून तीन. गोव्याच्या खाडीतला आपला कळुंदर, जो केरळात करीमीन. त्याचा छोटा नारिंगी भाऊबंद. आणि कर्नाटकातल्या नेत्रावती-कुमारधारा भागातला कॅनरा पर्लस्पॉट. यांचे सर्वांत जवळचे नातलग मादागास्करमध्ये. कॅनरा पर्लस्पॉट इतक्या कमी नद्यांत आहे की धागाकर्त्याचा नियम लावायचाच तर तिथे लावा. दुकानात कळुंदर आला तर तो गोड्या तळ्यातला की खाडीतला, हे तुमच्यापैकी किती जण विचारतात? पाणी किती खारट ठेवायचं हे तरी त्यावरून ठरेल.

आणि कंटाळा आला म्हणून टँकमधला कुठलाही सिक्लिड नदीत सोडू नका. १९५२ मध्ये मूळचा आफ्रिकेतला मोझांबिक तिलापिया भारतात आणला, तोही सिक्लिडच. ही चिलापी (तिलापियाच) कुठे कुठे पोचली ते उजनीच्या मच्छीमारांना विचारा.

तिरकस

कळुंदर मी तळलेलाच ओळखतो, तेव्हा पास.

बोअरवेल यांचं थंबी वेस्ट वाचून मात्र बरं वाटलं. सरोवरातच गावं बदलली असतील तर मी डोंबिवलीत कुणाची वंशावळ सांभाळू?

पाणकावळा

सगळं सरोवर थंबी वेस्ट नाही. डेमासोनी हा एम्बुना टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या पोम्बो रॉक्सचा आहे आणि ते कुणी बदललेलं नाही. एका बेटावर घोळ झाला म्हणून बाकीच्या नोंदी फेकायच्या, हे पटत नाही.

तरी बोअरवेल यांची "मिश्र" पाटी मला मान्य. माझा नियम थोडा सैल करतो: ठिकाण माहीत असेल तर लिहा, कुणाकडून घेतला तेही लिहा. नसेल तर "ठिकाण अज्ञात" असं स्पष्ट लिहून द्या. गावाचं नाव अंदाजाने टाकू नका.

तिरकस

"ठिकाण अज्ञात" वाला निम्म्या भावात मिळणार असेल तर माझं नाव यादीत पहिलं लिहा. बाकी चालू द्या.