सीना नदीकाठच्या गावांसाठी कपडे पाठवायचे का?

प्रेषक: अंबाजोगाईची, हल्ली ह्युस्टन

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमात आपलं ठरलं होतं की सप्टेंबरच्या पुरात परांडा-भूमकडं ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी मंडळातर्फे काहीतरी करायचं. माझ्या गॅरेजमध्ये आत्ताच ११ खोके कपडे जमलेत आणि लोक अजून आणून देतायत, पण भारतात पाठवायचा खर्च विचारला तर कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. धाराशिवचे दादा त्या वेळी गावी होते आणि तिथल्या चर्चच्या लोकांबरोबर पुराच्या गावांत फिरले असं कळलं. दादा, कपडे पाठवू का, आणि कुणाकडं? अजून एक विचारते, राग मानू नका. दोघातिघांनी मला फोन करून विचारलं की चर्चतर्फे मदत म्हणजे मागं धर्माचं काही असतं का. मला काय सांगावं ते कळेना, म्हणून इथंच सगळ्यांसमोर विचारते.

---

प्रेषक: धाराशिवचा, हल्ली शिकागो

ताई, जय ख्रिस्त आणि नमस्कार. राग कशाचा, फोनवर कुजबुजण्यापेक्षा असं सरळ विचारलेलं कधीही चांगलं.

आधी कपड्यांचं सांगतो. नका पाठवू. एका गावात शाळेच्या पटांगणात कपड्यांचा ढीग पडलेला मी बघितलाय, कुठून कुठून टेम्पो भरून आलेले, वरून पाऊस झालेला, खालच्या थराला वास सुटलेला. बाया एकेक कापड उचलून बघायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. एक मावशी मला म्हणल्या, "लेकरा, कापडं हायेत आमाला, गाळात गेलेली धुतली की निघतील, घरातला गाळ काढायला मानसं दे." आणि गाळ म्हणजे काय ते मला फावडं हातात घेईपर्यंत कळलं नव्हतं. दाराच्या उंबऱ्यापासून चुलीपर्यंत मांडीएवढा, वरून सुकलेला आणि आत लोण्यासारखा मऊ, फावडं मारलं की सुटतच नाही, पाणी ओतून पातळ करून घमेल्यानं बाहेर काढायचा, एका खोलीला चार माणसं लावली तरी दिवस जातो. बाहेर बघावं तर सोयाबीनच्या शेंगांना उभ्याच कोंब फुटलेले, आणि नदीच्या अंगाची जमीन खरडून गेलेली, खालचा मुरूम उघडा. दावणीला बांधलेली जनावरं गेली त्या घरात तर कुणी बोलतच नव्हतं.

आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहान आहे, ४०-४५ घरं, त्यात शिक्षक, नर्सा, दोनतीन ड्रायव्हर, बाकी मजुरीवाले. श्रीमंत कुणी नाही. रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, सांगितलं की आजचं दानार्पण सगळं डिझेल आणि फावड्यांना जाईल आणि उद्या सकाळी ६ वाजता ज्याला जमेल त्यानं गमबूट घालून यावं. २२ जण आले. पण पहिल्या दिवशी त्यांनी काहीच वाटलं नाही. शंभरपानी वही घेऊन घरोघर गेले आणि लिहून घेतलं, घरात किती माणसं, चूल पेटते का, बीपी-शुगरच्या गोळ्या कुणाच्या संपल्यात, बाळंतीण आहे का, जनावरं किती राहिली, कागदपत्रं भिजली का. ती वही मी स्वतः बघितली. जातीचा नाही, धर्माचा नाही, असा रकानाच त्यात नव्हता. दुसऱ्या दिवसापासून वहीप्रमाणं काम.

प्रार्थना करतात का, तर करतात. सकाळी निघायच्या आधी चर्चच्या आवारात, उभ्यानं, दोन मिनिटं. गावात गेल्यावर पत्रक नाही, बॅनर नाही, सामान घेणाऱ्याचा फोटो नाही, हा पाळकसाहेबांचा कडक नियम. एका पोरानं मोबाईल काढला तर त्याला सगळ्यांसमोर खिशात ठेवायला लावला. ते म्हणतात, जी मदत घेताना माणसाला मान खाली घालावी लागते ती आपण देऊच नये. आमच्यातल्याच काही जणांनी कुठं कुठं हे पाळलं नसेल, ते मी नाकारत नाही, पण मी ज्यांच्याबरोबर १९ दिवस राहिलो त्यांचं डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

एका घरी अंगणात दोरी बांधलेली आणि तिच्यावर कपड्यांऐवजी कागद वाळत घातलेले. सातबारा, बँकेचं पासबुक, पोरीची दहावीची मार्कशीट, मालक वारले त्याचा दाखला, प्रत्येकाला चिमटा. आजी एकेका कागदाला हात लावून बघत होत्या, वाळला का. दाखल्यावरची शाई पसरून निळा डाग झालेला, नाव वाचताच येईना. आमच्यात एक रिटायर्ड बाई आहेत, त्यांचा जन्म सरकारी कचेरीत गेलाय, त्या फावडं धरू शकत नाहीत, गुडघे गेलेत. त्या तिथंच बाजेवर बसल्या, चिकटलेल्या पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालून ती सोडवली आणि मग डुप्लिकेटचे अर्ज लिहायला घेतले. संध्याकाळपर्यंत बाजेभोवती अख्खी गल्ली जमली. पुढच्या आठवड्यात त्याच बाई आजींना घेऊन एसटीनं तालुक्याला गेल्या, पंचनाम्यात नाव आहे का ते बघायला, आणि नव्हतं. परत गेल्या. तिसऱ्या खेपेला नाव लागलं.

हे एवढं लांबण लावून सांगतोय त्याचं कारण ती तिसरी खेप. १९९३ ला मी सातवीत होतो, आम्ही उमरग्याला राहायचो, ३० सप्टेंबरची ती भूकंपाची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. किल्लारी, सास्तूर, सगळीकडं मदतीचे ट्रक इतके आले की रस्त्यावर रांगा. सहा महिन्यांनी बरेचसे गेले. आमच्या मंडळीतली एक नर्सबाई मात्र सास्तूरच्या बाजूला दर शनिवारी जायची, एका बाईचा पाय भिंतीखाली सापडून मोडलेला, त्याचा व्यायाम करून घ्यायला. वर्षभर. मी दोनदा तिच्याबरोबर गेलो, तिची पिशवी धरायला. दुसऱ्या वेळी ती बाई काठी टेकवत दारापर्यंत आली होती आमच्यासाठी. हे मी विसरलो नाही.

पाळकसाहेबांनी यंदा बायबलमधल्या लूकच्या १०व्या अध्यायातला तो चांगला शोमरोनी सांगितला, जखमी माणसाला रस्त्यावरून उचलून नेणारा. म्हणाले, त्यानं तेल लावलं, पट्ट्या बांधल्या हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो उतारशाळेवाल्याला काय म्हणाला, की अजून खर्च लागला तर कर, मी परत येईन तेव्हा देईन. म्हणजे तो परत येणार होता. मी पन्नाशीकडं झुकलो, लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय, आणि हे वाक्य मला या वर्षी ऐकू आलं.

---

प्रेषक: आष्टीची, हल्ली टोरोंटो

दादा, तुमची मेल रात्री आईला फोनवर वाचून दाखवली, ती म्हणाली हे तर आमच्या जामखेडसारखंच. आमचं गाव बीड जिल्ह्यात पण दवाखान्याला सगळे जामखेडलाच जायचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० ला तिथं आले, दोघंही श्रद्धाळू ख्रिस्ती, वेल्लोरला शिकलेले, आणि त्यांनी खेड्यातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं, कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती, सगळ्या जातींच्या, एका ठिकाणी बसून शिकायच्या आणि एकत्र जेवायच्या. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं. पण आई सांगते ते वेगळंच, म्हणते आमच्या गावची सेविका बाळंतपणाला यायची ती दुसऱ्या दिवशी यायची, तिसऱ्या दिवशी यायची, पोराला नीट पाजायलीस का ते बसून बघायची. मी त्यातलंच एक पोर. मला यात काम करायचंय, काय करू ते सांगा.

---

प्रेषक: नांदेडचा (खजिनदार), हल्ली न्यू जर्सी

सर्वांना नमस्कार, पैशाबद्दल घाई करू नका म्हणून लिहितोय. आपलं मंडळ इथं नोंदवलेलं आहे, म्हणजे भारताच्या कायद्यानं आपण विदेशी स्रोत. मंडळाच्या खात्यातून तिथल्या चर्चला थेट पैसे पाठवायचे तर त्यांच्याकडं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि ते पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेला ते पुढं दुसऱ्या संस्थेला देताही येत नाहीत, त्यामुळं मोठ्या संस्थेला देऊ आणि ती लहान चर्चला देईल हा रस्ता बंद आहे. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्फत दिलं तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआयवाल्यांची मात्र धरतात, मी स्वतः त्यातच येतो. आपल्या हातून तिथल्या लोकांच्या मागं चौकशी लागू नये एवढीच काळजी.

---

प्रेषक: धाराशिवचा, हल्ली शिकागो

खजिनदारसाहेब, बरं झालं लिहिलंत. आमच्या मंडळीकडं ती नोंदणी नाही, त्यामुळं मंडळाचा चेक नकोच. भारतीय पासपोर्टवाले जे देतील ते पाळकसाहेबांना आधी विचारून, पावती घेऊन. बाकीच्यांनी नोंदणी असलेली संस्था बघावी.

ताई, ते ११ खोके ह्युस्टनमध्येच ज्यांना लागतात त्यांना द्या, आमच्या इथलं चर्च दर शनिवारी थंडीचे कपडे आणि धान्य वाटतं, तुमच्याकडंही असेल कुणीतरी.

आष्टीच्या ताई, तुम्हाला काम आहे. वहीतली १४ पोरं दहावीला आहेत, पुस्तकं गेली आणि अभ्यास तुटला. दोघांचे आईबाप उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर गेले, पोरं आजीपाशी. रविवारी तिथल्या वेळेनं संध्याकाळी ७ ला चर्चमधल्या शब्बाथ शाळेच्या खोलीत लॅपटॉप लावून गणित आणि सायन्स घेऊ शकाल का? मार्चपर्यंत. मधेच सोडायचं असेल तर सुरू करू नका, हे जरा कडक वाटेल पण पोरांना परत तुटायला नको.

---

प्रेषक: आष्टीची, हल्ली टोरोंटो

म्हणजे आमच्याकडं रविवारी सकाळी साडेआठ. चालेल. गणित मी घेते, सायन्सला माझी नणंद बसेल, ती शिक्षिका होती. मार्चपर्यंत नक्की, शब्द देते.

---

प्रेषक: अंबाजोगाईची, हल्ली ह्युस्टन

दादा, ज्यांनी फोन केले होते त्यांना तुमची मेल परत वाचायला सांगितली. एकीनं डोळे पुसत फोन केला, ते कागद वाळत घातलेलं वाचून. खोके शुक्रवारी इथंच देऊन येते.

मी १८ डिसेंबरला अंबाजोगाईला पोचतेय, तीन आठवडे आहे. नाताळाच्या आधी तुमची माणसं परत त्या गावात जाणार असतील तर मला आणि आईला बरोबर यायचंय. आईचं मराठी अक्षर फार सुंदर आहे, अर्ज लिहायला बसेल. वह्या मी तिकडंच घेते, दहावीच्या पोरांना दोनशेपानी एकरेघीच लागतात ना? आणि गाडी चर्चमधून किती वाजता निघते तेवढं कळवा, आम्हाला अंबाजोगाईहून पहाटे निघावं लागेल.