बहिणीला ल्युपस (आपलीच प्रतिकारशक्ती शरीरावर उलटते तो आजार), किडनीवरही आलाय. मुलीची जनुकीय तपासणी करू का?

निफाडची लेक (सध्या सिडको, नाशिक)
मोठी बहीण निफाडला, घरची द्राक्षबाग. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी तिच्या गालांवर लाल चट्टे उठले. उन्हाने झालं म्हणून दोन महिने मलम लावलं. मग पाय सुजायला लागले, लघवीला फेस. नाशिकला आणून बायोप्सी केली तर ल्युपस नेफ्रायटिस (ल्युपसमुळे किडनीला आलेली सूज), क्लास फोर, म्हणजे गंभीर प्रकार. आमच्या आजीचेही सांधे कायम धरलेले असायचे, गाल लाल. निदान कुणी केलंच नाही. माझी मुलगी १२ वर्षांची आहे. नणंदेने एका लॅबचं जनुकीय पॅकेज पाठवलंय, त्यात एपीओएल१ (किडनीच्या आजाराशी जोडलेलं जनुक) पण आहे. करू का? रात्र रात्र झोप नाही.

इंदिरानगरची आई
ताई, मलाही ल्युपस, क्लास फोरच, नऊ वर्षं झाली. मलाही मुलगी आहे, म्हणून तुमची झोप का उडाली ते कळतं.

एकाच जनुकामुळे होणारा ल्युपस फार क्वचित. सी१क्यू हे प्रथिन जन्मतःच नसलं तर बहुतेकांना होतो, पण ती मुलं सहसा लहानपणीच आजारी पडतात. बाकी आपल्यासारख्यांत एचएलए, आयआरएफ५, स्टॅट४ अशा कितीतरी जनुकांचा थोडा थोडा हात असतो. अगदी एकसारख्या जुळ्या बहिणींतही एकीला असला तर दुसरीला होण्याचं प्रमाण साधारण २५ ते ५० टक्केच. तुमची मुलगी तर भाची, मावशीशी तिची जनुकं पाव हिश्श्यानेच जुळतात.

एपीओएल१ चे जी१ आणि जी२ हे धोक्याचे प्रकार पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडतात. त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या निद्रारोगापासून ते वाचवतात म्हणून तिथे टिकले; आई-वडील दोघांकडून आले की किडनीला धोका वाढतो. निफाडच्या घरात ते शोधायला पैसे घालू नका.

एएनए (ल्युपसचा संशय आला की करतात ती रक्ततपासणी) पण उगाच करू नका, ठणठणीत माणसांतही पॉझिटिव्ह येतो आणि घोर लागतो. मी लेकीची वर्षातून एकदा साधी लघवी आणि बीपी तपासते, बस. चट्टे, सांधेदुखी, सूज दिसली तर मात्र लगेच डॉक्टर.

नाशिकरोड लॅबवाला
लघवी सकाळची पहिली आणा. मुलीची पाळी सुरू झाली असेल तर ते दिवस टाळा; रक्त मिसळलं की प्रोटीन नसताना दिसतं.

निफाडची लेक
पॅकेज नको म्हणून कळवलं. सोमवारी लघवी तपासून घेते. पण बहीण ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला बागेत उतरणारच म्हणते, ऐकत नाही.

इंदिरानगरची आई
उतरू दे, पण सकाळी आठच्या आत. पूर्ण बाह्या, मोठी टोपी, सनस्क्रीन. आणि बरं वाटतंय म्हणून एचसीक्यूची (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, ल्युपस आटोक्यात ठेवणारी) गोळी बंद करू देऊ नका. मी तीच चूक केली होती, चौथ्या महिन्यात परत प्रोटीन जायला लागलं.