मदत हवी आहे: बास्केटबॉलमध्ये 'तीन नंबर' आणि 'चार नंबर' या फॉरवर्डच्या दोन जागांमध्ये नेमका काय फरक असतो?

नमस्कार.

माझी मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळते. आतापर्यंत ती स्मॉल फॉरवर्ड, म्हणजे मैदानावरच्या बोलीत 'तीन नंबर', म्हणून खेळत असे. मधल्या काळात तिची उंची वाढून पाच फूट सात इंच झाली आणि सेंटर खेळणारी मुलगी सोडल्यास संघात तिच्याएवढी उंच कोणी नसल्यामुळे प्रशिक्षकांनी या हंगामापासून तिला पॉवर फॉरवर्डच्या, म्हणजे 'चार नंबर'च्या जागी घेतले आहे. तिला हा बदल अजिबात पसंत नाही. ज्यांना लांबून शॉट मारता येत नाही त्यांनाच रिंगखाली धक्काबुक्कीसाठी उभे करतात, अशी तिची समजूत आहे. ती खोडून काढण्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही, कारण मी हा खेळ कधी खेळलेली नाही.

वाचून एवढे कळले की एक आणि दोन हे गार्ड, तीन आणि चार हे फॉरवर्ड आणि पाच म्हणजे सेंटर. पण पुढे गोंधळ होतो. पॉवर फॉरवर्ड रिंगजवळ खेळतो असे एके ठिकाणी लिहिलेले असते आणि त्याच लेखात डर्क नोविट्झकीचे नाव येते, जो सात फूट उंच असूनही लांबच्या शॉटसाठी प्रसिद्ध होता. लॅरी बर्ड सहा फूट नऊ इंचांचा असून स्मॉल फॉरवर्ड, तर चार्ल्स बार्कली त्याच्यापेक्षा बुटका असून पॉवर फॉरवर्ड. मग ही विभागणी उंचीवर ठरते की कामावर? चार नंबरला गेल्यावर तिचा बाहेरचा शॉट वाया जाईल का? आणि सुट्टीत तिने नेमका कशाचा सराव करावा? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, विभागणी कामावर ठरते. उंचीमुळे काही कामे सोपी जातात, एवढेच. आणि हे काम ओळखायचे असेल तर चेंडू हातात असलेल्या खेळाडूकडे न बघता बाकीच्या चौघींकडे बघावे, कारण दोन्ही फॉरवर्डमधला फरक चेंडू हातात नसतानाच जास्त दिसतो.

मुलीला दाखवण्यासाठी अमेरिकेच्या महिला लीगमधला मिनेसोटा लिंक्स हा संघ सुचवतो. या संघाने २०११, २०१३, २०१५ आणि २०१७ अशी चार विजेतेपदे मिळवली आणि त्या चारही वेळा माया मूर ही तीन नंबर, तर रेबेका ब्रन्सन ही चार नंबर होती. मूर बहुधा बाजूला, तीन गुणांच्या रेषेच्या (जिच्या बाहेरून टाकलेल्या शॉटला तीन गुण मिळतात) आसपास मोकळ्या जागेत असे. सहकाऱ्यांच्या स्क्रीनचा (रक्षकाच्या वाटेत स्थिर उभे राहून केलेल्या अडथळ्याचा) आडोसा घेऊन धावत येई, तोंड रिंगकडे ठेवून चेंडू घेई आणि तिथून शॉट की ड्राइव्ह, म्हणजे चेंडू आपटत रिंगकडे मुसंडी, हे ठरवी. ब्रन्सनचे काम स्क्रीन लावणे, हुकलेल्या शॉटवर तुटून पडणे आणि प्रतिस्पर्धी संघातल्या धिप्पाड खेळाडूला अंगावर घेणे हे होते. गुणांच्या यादीत मूर वर दिसते. पण ब्रन्सनने कारकीर्द संपवली तेव्हा रिबाउंडच्या, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर उसळलेला चेंडू पकडण्याच्या, यादीत तिची गणना त्या लीगच्या अव्वल खेळाडूंत होत होती, आणि तिच्याशिवाय ती चार विजेतेपदे मिळाली असती असे मला वाटत नाही. शेवटच्या काही हंगामांत ती तीन गुणांचे शॉटही घेऊ लागली होती, ही गोष्ट मुलीला आवर्जून सांगा.

आता रिबाउंडविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चार नंबरची खरी परीक्षा तिथे असते आणि शालेय सामन्यांत नेमके तेच कोणी शिकवत नाही. शॉट सुटला की बहुतेक मुली मान वर करून चेंडूकडे पाहत राहतात. चार नंबरने त्या क्षणी आधी आपल्या प्रतिस्पर्धी मुलीला शोधायचे, ती कुठून आत येते आहे हे ओळखून तिच्या वाटेत पाऊल टाकायचे, वळून तिच्याकडे पाठ करायची, पाय फाकवून गुडघे वाकवायचे, कोपरे शरीराच्या बाजूला थोडी उघडी ठेवायची पण मागे मारायची नाहीत, आणि तिचे वजन आपल्या पाठीवर जाणवले की मगच चेंडूकडे पाहायचे. याला बॉक्स आउट म्हणतात. यात उडीपेक्षा जागा महत्त्वाची असते. डेनिस रॉडमन सहा फूट सात इंचांचा होता, म्हणजे एनबीएच्या (अमेरिकेच्या पुरुष लीगच्या) मानाने उंच नव्हे, तरी १९९१-९२ पासून १९९७-९८ पर्यंत सलग सात हंगाम तो सामन्यामागे सर्वाधिक रिबाउंड घेणारा खेळाडू ठरला. कोणाचा शॉट रिंगवर आपटून कुठल्या बाजूला उसळतो, याचा तो बारकाईने अभ्यास करीत असे.

लांबच्या शॉटबद्दलची भीती तर उलटीच आहे. एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा १९७९-८० च्या हंगामात आली आणि आंतरराष्ट्रीय नियमांत १९८४ मध्ये. ती आल्यावरही बरीच वर्षे चार नंबर आतच खेळत राहिले. पण चार नंबर रिंगपाशी उभा राहिला की त्याचा रक्षकही तिथेच उभा राहतो आणि गार्डला ले-अपसाठी (रिंगजवळ जाऊन चेंडू अलगद टाकण्यासाठी) आत शिरायला वाट उरत नाही. तोच चार नंबर बाहेरून शॉट मारणारा असेल, तर रक्षकाला त्याच्यामागे बाहेर जावे लागते आणि आतली जागा मोकळी होते. नोविट्झकीचे मोल यातच होते. स्क्रीन लावल्यावर रिंगकडे न वळता तो मागे सरकून मोकळा होई. २०११ मध्ये डॅलसने मायामीला हरवून विजेतेपद घेतले ते त्याच्या भरवशावर. तेव्हा शॉट असलेली मुलगी चार नंबरला मिळणे ही प्रशिक्षकाच्या दृष्टीने चैन आहे.

धागाकर्ती

सर, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दोन शंका उरल्या. ती म्हणते की स्क्रीन लावून झाल्यावर आपल्याला काही कामच उरत नाही, नुसते उभे राहावे लागते. दुसरे म्हणजे आमच्या शाळेच्या सिमेंटच्या मैदानावरच्या रेषा टीव्हीवर दिसतात तशा नाहीत. रिंगसमोरचा भाग खाली पसरट आणि वर निमुळता आखलेला आहे. त्याने काही फरक पडतो का?

प्रतिसाद २

मैदानाबद्दल सांगतो. तुमच्याकडच्या रेषा जुन्या आहेत. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० मध्ये तो समलंब भाग बदलून आयताकृती केला आणि तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर नेली. आपल्याकडे अनेक शाळांनी पुन्हा रंग मारण्याचा खर्च टाळला, त्यामुळे मुले जुन्या अंतरावर सराव करतात आणि स्पर्धेत शॉट आखूड पडू लागले की मनगटाला दोष देतात. रिंगच्या केंद्राच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करा, तिथून टेपने ६.७५ मीटर मोजा आणि खडूने कमान आखून घ्या. कोपऱ्यात मात्र ही रेषा साइडलाइनपासून ९० सेंटिमीटर आत सरळ जाते, म्हणून तिथले अंतर थोडे कमी, ६.६० मीटर असते. नव्या चार नंबरने पहिला शॉट त्या कोपऱ्यातूनच पक्का करावा.

आत उभे राहण्याविषयी एक सावधगिरी: आपल्या संघाकडे चेंडू असताना त्या आखलेल्या भागात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. तीन नंबरवरून आलेल्या मुलींना याची सवय नसते आणि चेंडू फुकट प्रतिस्पर्ध्यांकडे जातो.

प्रतिसाद १

स्क्रीननंतर काम उरत नाही असे तिला वाटते, याचा अर्थ तिला अजून अर्धाच डाव शिकवला गेला आहे. स्क्रीन लागल्यावर गार्डला अडवायला दोघी धावल्या, तर चार नंबर मोकळी असते. तिने लगेच रिंगच्या दिशेने दोन पावले आत येऊन फ्री थ्रो रेषेच्या आसपास चेंडू मागायचा. तिथे चेंडू मिळाला की पुढे आपल्या चौघी आणि त्यांच्या तिघी असा हिशेब होतो. एनबीएतल्या गोल्डन स्टेट संघाच्या ड्रेमंड ग्रीनचे नाव याच कामामुळे झाले. त्याच संघाचा गार्ड स्टेफन करी याच्यावर दोघे धावले की चेंडू ग्रीनकडे येई आणि तो एका नजरेत ठरवी की स्वतः आत जायचे की कोपऱ्यात मोकळ्या सहकाऱ्याला द्यायचा. २०१५ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलँडविरुद्ध १-२ ने मागे पडल्यावर प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी चौथ्या सामन्यात सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून वगळले, आंद्रे इग्वोडालाला घेतले आणि सहा फूट सहा इंचांच्या ग्रीनला सेंटरचे काम दिले. पुढचे तिन्ही सामने त्यांनी जिंकले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू इग्वोडाला ठरला, जो मुळात तीन नंबर. जागेचा आकडा इतका लवचीक असतो. एनबीएने तर २०२३-२४ पासून हंगामातले सर्वोत्तम संघ निवडताना जागांचे बंधनच काढून टाकले.

त्यामुळे सुट्टीत तिने शॉटबरोबर पासचा सराव करावा. तुम्ही किंवा घरातल्या कोणीही तिला फ्री थ्रो रेषेवर चेंडू द्यावा आणि चेंडू हातात पडायच्या आधी 'डावा' किंवा 'उजवा' असे ओरडावे. तिने चेंडू एकदाही न आपटता त्या कोपऱ्याकडे पास द्यायचा. कोपऱ्यात माणूस नसेल तर भिंतीवर खूण केली तरी चालते.

बचावाचे एक सांगायचे राहिले. तीन नंबरला बाहेरच्या चपळ मुलीमागे धावावे लागते, तर चार नंबरला आपली मुलगी सांभाळून गार्डच्या हातून निसटलेलीला रिंगजवळ अडवायचे असते. त्यामुळे पहिल्या काही सामन्यांत तिचे फाऊल वाढतील आणि पाचव्या फाऊलला तिला बाहेर बसावे लागेल. तेव्हा शॉट अडवताना हात खाली आणून चेंडूवर मारण्याची सवय आत्ताच मोडा. आपल्या जागी पाय रोवून हात सरळ वर उभे ठेवायचे आणि उडी मारायची तीही सरळ वरच. समोरची मुलगी तशा अवस्थेत येऊन अंगावर आदळली, तर नियमाने फाऊल हिचा होत नाही.