मदत हवी आहे: श्रीलंकेत पूजेला बसलेल्या माणसांचे फोटो कसे काढावे?

नमस्कार मंडळी,

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, जिल्हा गोंदिया. लग्न, बारसं आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं, यांचे फोटो काढून पोट चालतं. आमच्या बुद्धविहाराची मंडळी येत्या वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेला चालली आहे. कोलंबो, कँडी, अनुराधपूर. फोटोसाठी मला सोबत घेतलंय आणि परत आल्यावर विहारात प्रदर्शन लावायचं ठरलंय.

ग्रुपफोटोचं टेन्शन नाही, ते काम रोजचंच. मला तिथली माणसं टिपायची आहेत. कमळाची फुलं घेऊन बोधिवृक्षाकडे निघालेल्या म्हाताऱ्या, वेसाकचे (वैशाख पौर्णिमेला तिथे वेसाक म्हणतात) कंदील बांधणारी पोरं, दानसलमध्ये वाढणारे लोक. (दानसल म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही फुकट जेवण. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या आजूबाजूला असतं ना, तसंच.)

अडचण अशी की विचारलं की माणूस ताठ होतो, पदर सावरतो, कॅमेऱ्याकडे बघतो. फोटो मेला. आणि न विचारता काढायला माझं मन धजत नाही. त्याला कारण आहे. भाताच्या रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे बाहेरचे फोटोवाले येतात. बांधीवर उभं राहून, चिखलात वाकलेल्या बायांचे फोटो काढतात आणि गाडीत बसून जातात. माझ्या मोठ्या आईचा असाच फोटो कुठल्याशा कॅलेंडरवर छापून आला. तिला कोणी विचारलंही नव्हतं. ती म्हणाली, "काढायचाच होता तं तोंड धुवून आली असती ना बावा." आता परक्या देशात जाऊन मीच तो बांधीवरचा माणूस व्हायचं का?

सामान: जुना निकॉन, १८-५५ आणि ५० एमएम १.८ या दोन लेन्स. नवीन लेन्सचं बजेट नाही. कँडीच्या दंतधातू मंदिरात (जिथे बुद्धांचा दात ठेवलाय) आणि रात्री दिव्यांच्या उजेडात एवढ्यावर भागेल का? जाणकारांनी सांगावं.

— झाडीवाला

पांदण: लेन्स भरपूर झाली. तुमच्या बॉडीचा सेन्सर छोटा, म्हणून ५० एमएम म्हणजे ७५ इतकी जवळ आणणारी धरा, माणसासाठी छानच. फ्लॅश घरी ठेवा. दिव्यांच्या उजेडात लेन्सचं तोंड एफ २ वर, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बिनधास्त जा. फोटोत दाणे (ग्रेन) दिसले तर दिसले. अनुराधपूरचा रुवनवेलिसाय स्तूप पांढराशुभ्र, लोकही पांढऱ्यात. कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी करून ठेवतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप वर ठेवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आणि पायमोजे न्या. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी तिथली फरशी अशी तापते की फोटो सोडून उड्या माराल.

सिंहलद्वीप: दोन वर्षं कोलंबोत नोकरी केली आहे, म्हणून नियम सांगतो. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, सेल्फी तर नाहीच. हे तुमच्या ग्रुपमधल्या पोरांना विमानात बसायच्या आधी सांगा. २०१२ मध्ये मूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढले म्हणून गॉलच्या कोर्टाने तीन फ्रेंच पर्यटकांना सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. ती स्थगित ठेवली म्हणून वाचले. फोटो प्रिंट करायला दिले होते, स्टुडिओवाल्यानेच पोलिसांना कळवलं.
कँडीत पूजा तीनदा: पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ, संध्याकाळी साडेसहा. वरच्या मजल्यावर दंतधातूच्या करंडकासमोरून रांग भराभरा पुढे सरकवतात, तिथे फोटोच्या नादी लागू नका, दर्शन घ्या. खाली ढोल वाजवणारे असतात, त्यांच्याकडे निवांत बघा.

पांदण: विचारण्याबद्दल माझं मत वेगळं. आधी काढा, मग स्क्रीन दाखवा. नको म्हणाले तर समोरच डिलीट करा.

सिंहलद्वीप: बाजारात, कंदीलवाल्यांकडे, दानसलमध्ये चालेल. पूजेला बसलेल्या माणसाला उठवून स्क्रीन दाखवणार का? झाडीवाला, तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी गोऱ्या पर्यटकाकडे नाही. त्रिसरण-पंचशील तिथेही पालीतच म्हणतात, शेवटी "साधु, साधु, साधु"ही तेच. तुमच्या ग्रुपमधल्या आज्या पांढरी लुगडी नेसून त्यांच्या शेजारी बसणार. तुम्हीही बसा, कॅमेरा मांडीवर ठेवून. वंदना झाल्यावर बाया आपसूकच तुमच्या आज्यांकडे बघून हसतील. तेव्हा खालूनच काढा. उभं राहून वरून मारलेला फोटो म्हणजे तुमच्या बांधीवरचाच. एरवी विचारायचं तर सिंहलीत "फोटो एकक् गन्न पुळुवन्द?" एवढं पुरतं. आणि भिक्खूंचा फोटो हवा असेल तर आधी वंदन करा, बायांनी त्यांच्या हाताला स्पर्श करू नये.

झाडीवाला: पांदणभाऊ, पायमोज्यांचं बरं सांगितलं. सिंहलद्वीप, आज्यांसोबत बसायचं डोक्यात आलंच नव्हतं, मी त्यांना फक्त ग्रुपफोटोत धरून बसलो होतो. जायच्या आधी गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत सराव करून बघतो. घरापासून जवळ आहे, लामांना विचारून आत बसू देतात का पाहतो. त्यांची पूजापद्धत वेगळी असली तरी दिव्यांचा उजेड तर मिळेल. शेवटचा प्रश्न: बॅटरी चार्जिंगला आपला प्लग चालतो का?

सिंहलद्वीप: जुन्या लॉजमध्ये आपल्यासारखी गोल पिन चालते, नव्या ठिकाणी बहुतेक तीन चौकोनी पिनवाली. अॅडॉप्टर न्या. आणि आज्यांना सांगा, चपलांना नावाची चिंधी बांधा. पौर्णिमेच्या गर्दीत चपला शोधण्यात अर्धा दिवस जातो.