सिगारेट सोडायच्या गोळीपेक्षा सिगारेट बरी? काहीही काय!

पिंपळपान: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "व्हॅरेनिक्लिन घेतली की डोकं फिरतं, आत्महत्येचे विचार येतात, त्यापेक्षा सिगारेट बरी." खाली ढीगभर अंगठे. 2009 साली अमेरिकेत त्या गोळीवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, हे खरं. पुढचं का गाळता? 2016 साली आठ हजारांवर लोकांच्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात निम्मे मानसिक आजाराचे. नुसती खोटी गोळी दिलेल्यांपेक्षा व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांना लक्षणीय जास्त मानसिक त्रास झाला नाही. त्याच डिसेंबरात चौकट काढली. "सिगारेट बरी" म्हणणाऱ्यांनी परळला टाटाबाहेरच्या फुटपाथवर राहणारे पेशंट बघून यावेत.

साताऱ्याची_पोर: चाचणीला पैसे कुणी दिले तेही लिहा ना! फायझर आणि ग्लॅक्सोने. माझ्या दिरांनी घेतली ही गोळी. रात्री ओरडत उठायचे, पोरांवर हात उगारायचे. आधी कधी आवाज चढवला नव्हता.

पिंपळपान: पैसे कंपन्यांचे, पण चाचणी करायला लावली एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी औषध नियामकाने. आणि सिगारेट सुटली की चिडचिड गोळीशिवायही होते. मळमळ आणि विचित्र स्वप्नं मात्र गोळीचीच, तेवढं मान्य.

साताऱ्याची_पोर: तेवढं मान्य करून उपकार केलेत! जाऊबाई पोरांना घेऊन आमच्या खोलीत झोपायला यायच्या, तेव्हा तुम्ही नव्हता.

औषधवाले_नाना: मी मेडिकलच्या काउंटरवर बसतो. पहिले तीन दिवस अर्धा मिलीग्रॅम एकदा, सातव्यापर्यंत अर्धा दोनदा, मग एक मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. लोक थेट एकपासून सुरू करतात, तीही उपाशीपोटी चहावर. उलटी होणारच. जेवून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. किडनी अधू असेल तर डोस कमी. आणि सिगारेट सोडायची दुसरी गोळी, बुप्रोपियॉन, फिट येणाऱ्याला द्यायचीच नाही.

कृष्णाकाठ: नाना, चिठ्ठीशिवाय पाकीट काढून देतं कोण? तुमचेच भाऊबंद!

औषधवाले_नाना: मी देत नाही. नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

कृष्णाकाठ: ओवणारच. माझे वडील दम्यासाठी थिओफिलिनवर. बिडी सोडली, कुठलीच गोळी न घेता, आणि आठवडाभरात छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले. धुरामुळे यकृत ते औषध भराभर संपवतं. धूर थांबला की तोच डोस जास्त होतो. महिन्याच्या महिन्याला औषध देणाऱ्या दुकानदाराने कधी विचारलं नाही, बिडी ओढता का, सोडली का. लिहून देणाऱ्या डॉक्टरनेही नाही.

औषधवाले_नाना: हे डॉक्टरचं काम. पण बरं, थिओफिलिनवाल्यांना आजपासून मी विचारीन.

साताऱ्याची_पोर: आणि दिरांना कुणी विचारलं? त्यांना पूर्वी उदासीची औषधं चालू होती. चौकट ठेवा नाहीतर काढा, गोळी लिहून देताना घरच्यांना समोर बसवून कशावर लक्ष ठेवायचं ते सांगा. तेवढं झालं तर गोळीशी माझं वैर नाही.

पिंपळपान: हे पटलं. आता ओढतात का? तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या 1800-11-2356 वर फोन लावायला सांगा, फुकट आहे.

साताऱ्याची_पोर: परत ओढतात. तो नंबर पाकिटावरच छापलेला असतो, रोज हातात असतो त्यांच्या. रविवारी मीच लावून देते.