जुनं बैठं घर विकायचंय: दोन लाखांत काय करावं, काय टाळावं?

सातरस्ता_पुढे
सोलापुरात विजापूर रोडला जुन्या सोसायटीत १९८४ सालचं बैठं घर आहे. प्लॉट १८०० चौरस फूट, बांधकाम ८५०. नऊ इंची विटांच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब. हॉलला मोझॅक, बाकी सगळीकडे शहाबादी. आतून अडीच फुटांपर्यंत रंग फुगून पडतोय, गच्चीचा कोबा तडकलाय, वायरिंग लाकडी पट्टीवरचं, ओटा कडप्प्याचा. येणारा प्रत्येक जण "जुनं झालंय हो" म्हणतो आणि नुसत्या जागेचा भाव लावतो. दोन लाखांच्या वर जायचं नाही. गड्डा (सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा) उठला की काम काढून पाडव्याला घर दाखवायला तयार हवंय. टाइल्स बसवू का? पीओपी करू का? आधी कशाला हात घालू?

गिलावा
आधी गिऱ्हाईक कोण ते बघा. पाडून बांधणारा असेल तर तुमचा रंग, फरशी सगळा त्याच्या लेखी राडारोडाच. त्याला मोजणीचा नकाशा, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि कागद पुरतात. राहायला येणारा मात्र ओल, गळती, वायरिंग आणि पाणी या चार गोष्टींना घाबरतो आणि त्या भीतीपोटीच भाव पाडतो. पैसा तिथेच घाला. पीओपी नकोच. दहा फूट उंचीची खोली नऊ फुटांची होते आणि वर काय झाकलंय अशी शंका येते ती वेगळीच.

खालून चढणारी ओल रंगाने जात नाही, हे रंगारी सांगणार नाही. आधी बाहेरून फिरून बघा. अंगणात भर घालून जमीन जोत्याच्या वर आली आहे का, भिंतीला लागून कुंड्यांची रांग आहे का, मोरीचा पाइप पायाशी फुटलाय का. ते कारण काढल्याशिवाय आतलं काम म्हणजे पैसे पाण्यात.

मग ओलीच्या रेषेच्या वर एक फूट, म्हणजे तुमच्याकडे साडेतीन फुटांपर्यंत गिलावा काढा. विटांचे सांधे अर्धा इंच खरवडा आणि भिंत आठ-दहा दिवस उघडी ठेवा. लोणा, म्हणजे विटेवर आलेले पांढरे क्षार, कोरड्या तारेच्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत विटेत शिरतात. नंतर फरशीच्या वर चार ते सहा इंचांवर एका रेषेत, चार-चार इंचांवर १२ मिमीची भोकं पाडा, सात इंच खोल, किंचित खाली उतरती. धूळ फुंकून काढा आणि सिलिकॉन जातीचं ओलरोधक इंजेक्शन भरा. त्यावर १:४ (सिमेंट:वाळू) चा गिलावा, सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २०० मिली वॉटरप्रूफिंग. सात दिवस पाणी मारायचं, पुढे तीन आठवडे वाळू द्यायचं. घाईने पुट्टी लावली की पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटलेच म्हणून समजा. ओल्या भिंतीवर टाइल किंवा पीव्हीसीची शीट ठोकणं त्याहून वाईट, ओल दोन फुटांवरून चार फुटांवर चढते.

हिशोब केलात तर पाडवा गाठणं कठीण आहे. अक्षय्य तृतीया धरा.

गच्चीवर नवा कोबा टाकू नका. ८५० फुटांवर तीन इंच कोबा म्हणजे जुन्या स्लॅबवर दहा टनांच्या वर ओझं. आहे त्याच कोब्याच्या तडा व्ही आकारात १० मिमी कापा आणि लॅटेक्स घातलेल्या १:३ मॉर्टरने भरा. पॅरापेटच्या कडेला दोन-तीन इंचांचा वाटा, म्हणजे कोपऱ्याला गोलाई, काढा. मग पांढरं लवचिक ॲक्रिलिक कोटिंग, पहिला हात पातळ, पुढचे दोन आडवे-उभे, तडांवर फायबरची जाळी. सोलापूरच्या उन्हात दुपारी लावलं की वरचा थर आधी वाळतो आणि फोड येतात, म्हणून सकाळी नऊच्या आत आटपा. कोटिंग पूर्ण मुरल्यावर पाणी जायची भोकं बुजवून २४ तास पाणी तुंबवून बघा. पांढऱ्या रंगाने खालच्या खोल्यांचा ताप कमी होतो. एप्रिलात घर बघायला आलेल्याला ते दारातच कळतं.

पॉलिशपेपर
शहाबादीवर टाइल्स बसवू नका. फरशी सव्वा-दीड इंच वर येते, सगळी दारं खालून कापावी लागतात, मोरीचा उंबरा नाहीसा होतो आणि पाणी खोलीत येतं.

नाण्याने ठोकून पोकळ वाजणाऱ्या फरश्या शोधा, तेवढ्याच काढून पुन्हा बसवा. सांधे ५-६ मिमी खरवडून करड्या सिमेंटमध्ये चिमूटभर काळा ऑक्साइड मिसळून भरा, तीन दिवस सुकू द्या. मग मशीनला ६०, १२०, २२०, ४०० असे दगड क्रमाने लावा आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडरीचा हात. मधला नंबर गाळला की उन्हाच्या तिरिपेत गोल ओरखडे दिसतात. मोझॅकलाही हाच क्रम. मोरी आणि पडवी मात्र खडबडीतच राहू द्या, पाय घसरतो.

शहाबादी हा चुनखडीचा दगड. डाग काढायला कुणी संडास धुवायचं ॲसिड ओतलं तर फेस येतो आणि दगडच खाल्ला जातो. पॉलिशचा चिखल नहाणीत सोडू नका, घट्ट बसतो आणि ट्रॅप फोडावा लागतो. हे काम रंगाच्या शेवटच्या हाताच्या आधी करा, कारण भिंतीवर वीतभर शिंतोडे उडतात.

कडप्प्याचा ओटा तसाच ठेवा की! घासून तेलाचा हात दिला की काळा कुळकुळीत होतो. दारं सागवानी असतील तर ती बदलून फ्लश डोअर बसवणं म्हणजे शुद्ध येडेपणा. ऑइलपेंट रिमूव्हरने काढा, ८०, १२०, २२० चा कागद मारा, पॉलिश करा. त्या काळच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून रंग पूर्ण निघेपर्यंत कोरडी घासणी नको, पोरं तर जवळ नकोतच.

फेज_न्यूट्रल
लाकडी पट्टीवरचं वायरिंग बघितलं की गिऱ्हाईक लगेच पूर्ण रिवायरिंगचा खर्च भावातून वजा करतो, तोही फुगवून. भिंती फोडू नका, पीव्हीसीची केसिंग-पट्टी सरळ रेषेत चालते. दिव्यांना १.५ चौरस मिमीची वायर आणि ६ अँपियरचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), सॉकेटला २.५ आणि १६, गीझर-एसीला ४ आणि २०. मेनजवळ ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). इथे गडबड एकच होते: अर्ध्या घराला जुनं वायरिंग ठेवलं आणि दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठे तरी एकत्र असले की आरसीसीबी सारखा पडतो. मग वायरमन तो बायपास करून निघून जातो. तसं करू देऊ नका. अर्थिंग नव्याने करून मोजून घ्या, ५ ओहमच्या खाली हवं.

सातरस्ता_पुढे
धन्यवाद. अजून एक राहिलं. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलीय, उन्हाळ्यात जरा रुंदावते. पुट्टीने भरून रंग मारला तर चालेल ना?

काळीमाती
चालणार नाही. उन्हाळ्यात उघडणारी, पावसाळ्यात मिटणारी तिरकी चीर म्हणजे पायाखालची काळी माती आक्रसते आणि फुगते आहे. पुट्टी मेमध्ये त्याच रेषेत फाटते, आणि नव्या रंगावरची ताजी चीर जुनीपेक्षा जास्त घाबरवते. चिरेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहा. महिन्याभरात काच फुटली तर हालचाल चालू आहे, इंजिनिअरला दाखवा. टिकली तर चीर उघडून पॉलिमर मॉर्टर भरा, वर सहा इंच रुंद फायबरची जाळी, मग गिलावा. त्या कोपऱ्याशी पन्हळीचं पाणी पडतं का, बाहेर मोठं झाड आहे का तेही बघा. भिंतीभोवती तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी केली की मातीतली ओल कमी-जास्त होणं आवरतं.

आणि लपवू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे. पट्टीचा तारखेसह फोटो दाखवलात तर उलट विश्वास बसतो.

हौद_भरला_का
सगळ्यांनी भिंती बघितल्या, पाणी राहिलं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात गिऱ्हाईक ओट्याआधी हौद विचारतं. लांबी-रुंदी-उंची फुटांत मोजून गुणा, त्याला २८.३ ने गुणा, झाले लिटर. पाच बाय पाच बाय चार म्हणजे सुमारे २८०० लिटर, हा आकडा जाहिरातीतच टाका. हौद उपसून धुवा, झाकण नवं बसवा, बोअर आणि नळ अशा दोन लाइनी वेगळ्या करून त्यांवर पाट्या लावा. नळावरचे बोअरचे पांढरे थर लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून निघतात. टाइल्सना ॲसिड लावलंच तर त्याच दिवशी ब्लीचिंग पावडर जवळ आणू नका, दोन्ही मिसळून क्लोरीन वायू होतो.

कागदांत मालमत्ता पत्रक, वारसनोंद, बांधकाम परवाना, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या आणि चालू नावाचं वीजबिल एका फायलीत ठेवा. कर्ज काढणारा गिऱ्हाईक असला तर वारसनोंद अडली की बँकेचं काम तिथेच थांबतं, म्हणून गिलावा वाळतोय त्या तीन आठवड्यांत ते उरकून घ्या.