अवयव देणाऱ्या घराला घेणाऱ्याची भेट मिळावी का?

आर्वीकर: नात्यातला पोरगा गाडीवरून पडून ब्रेनडेड झाला. मायबापानं नागपुरात त्याचे अवयव दिले. आता माय म्हणते, ज्याला काळीज बसवलं त्याच्या छातीला एकदा कान लावू द्या. समन्वयक म्हणतात, नाव सांगता येत नाही. लेकरू तिचं, अन् विचारायचा हक्क नाही? मला तर हा अन्याय वाटतो.

पुसदची_ताई: माझ्या भावाला अशीच किडनी मिळाली, म्हणून दुसरी बाजू मांडते. तुमचे लोक काही मागणार नाहीत, मान्य. पण पोरीचं लग्न निघालं, कापसाचा भाव पडला, तर भाऊ नाही म्हणू शकेल? १९९४ च्या कायद्यात अवयवाच्या व्यवहाराला ५ ते १० वर्षं कैद अन् २० लाख ते १ कोटी दंड आहे. उपकाराची फेड कुठं संपते अन् किंमत कुठं सुरू होते, हे कोण ठरवणार?

बोंडअळी: त्यातून गाव आधीच विचारते, "किती घेतले?" कुणी कारमधून दारात उतरला की झालंच.

आर्वीकर: पण गुप्तता आहे कुठं? अवयव न्यायला रस्ता मोकळा करतात, त्या ग्रीन कॉरिडॉरच्या दुसऱ्या दिवशी पेपरात पोराचं नाव, गाव, फोटो, कोणता अवयव कोणत्या दवाखान्यात गेला, सगळं. घेणाऱ्याला देणारा सहज सापडतो. अंधारात राहते ती फक्त माय.

पुसदची_ताई: हे खरं आहे. मग नाव छापणं थांबवा ना!

सिस्टर_वर्धा: आयसीयूत काम करते, म्हणून सांगते. बसवलेला अवयव कायम टिकेलच असं नसतं. जन्मभर औषधं घेऊनही शरीर तो नाकारू शकतं. ओळख झाल्यावर तो माणूस गेला, तर माय दुसऱ्यांदा तेरवी करेल का?

आर्वीकर: करेल. ते तिला ठरवू द्या ना बाप्पा.

सिस्टर_वर्धा: ब्रिटनमध्ये आधी बिननावाचं पत्र जातं, समन्वय करणाऱ्यांच्या हातून. दोघांचीही तयारी असली तरच पुढची ओळख. आपल्याकडं निदान पत्रापासून सुरुवात व्हावी. थेट भेटीला माझा विरोधच.

आर्वीकर: तिला वाचता येत नाही. पण मी वाचून दाखवीन.

पुसदची_ताई: पत्र चालेल. भावाला विचारते, समन्वयकांकडं द्यायला लिहितो का ते. गावाचं नाव मात्र टाकू देणार नाही.